नाकेदारांचा पडदा

आमच्या नाकेदारांना वाईट बातमी सांगायला कोणी घाबरत नसे. प्रयोग फसला म्हटलं की ते मान हलवत आणि "पुन्हा करा" म्हणत. भीती वाटायची ती चांगली बातमी सांगायची. ती ऐकली की ते चष्मा काढून रुमालाने सावकाश पुसायला लागत आणि मग विचारत, "दुसऱ्या बाजूला मोजलंत का?"

ईशा, निनाद, परवा तुम्ही फोनवर विचारलंत की आजी नोकरी करायची तेव्हा तिचा बॉस कसा होता. फोनवर सांगून संपण्यासारखा तो माणूस नव्हता, म्हणून लिहायला बसले. जे सांगणार आहे ते इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही. आता त्यातलं कोणी राहिलेलं नाही, त्यामुळे सांगायला हरकत नसावी.

त्यांचं खरं नाव वेगळं होतं. नाकेदार हे आम्ही ठेवलेलं. तुमच्या आईच्या लहानपणी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, मुंबईत बाहेरून येणाऱ्या मालावर जकात भरावी लागायची. आमच्या मुलुंडच्या चेक नाक्यावर ट्रकांची लांबच लांब रांग लागे आणि खाकी कपड्यातली माणसं ताडपत्री उचलून आत काय आहे ते बघत. आमची प्रयोगशाळा तिथून जवळच, आग्रा रोडवरच्या एका कारखान्याच्या मागच्या अंगाला होती. खाऱ्या विहिरींचं पाणी गोडं करता येईल असे पडदे आम्ही बनवत होतो. एकदा साहेबांनी एका पडद्याचे आकडे तीनतीनदा तपासायला लावले, तेव्हा परुळेकर नावाचा माझा सहकारी वैतागून म्हणाला, "ट्रकवाला बरा यार, त्याला एकदाच ताडपत्री उचलावी लागते." तेव्हापासून ते नाकेदार झाले. त्यांना ते कळलं होतं, पण त्यांनी कधी हरकत घेतली नाही. उलट मला वाटतं, त्यांना ते आवडलं होतं.

पडदा म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. दिसायला तो ओल्या सेलोफेनसारखा. त्याला भोकं असतात, पण ती इतकी बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे दोन भाग सुटे होतात, सोडियम आणि क्लोराईड. एकावर धन भार, दुसऱ्यावर ऋण. असे भार घेऊन पाण्यात फिरणारे कण म्हणजे आयन. ते पडद्यातून पलीकडे जातात का, कसे जातात, कोण आधी जातं, हे शोधणं हेच आमचं काम.

पुस्तकात हे सगळं फार कोरडं असतं. नाकेदार ते चौकीवरच्या भाषेत सांगत. आयन आपल्याभोवती पाण्याचे रेणू गुंडाळून फिरतो आणि भोक अरुंद असेल तर ते गुंडाळलेलं पाणी त्याला थोडंफार सोडावं लागतं. नाकेदार म्हणत, "त्याचा नुसता आकार बघू नका. अंगावर काय लपेटून आलाय ते बघा." भोकाच्या आतल्या भिंतीवरही भार असतो. आपल्यासारख्या भाराला ती दूर ढकलते, उलट्या भाराला जवळ करते. यावर ते मला म्हणत, "भिंत निःपक्षपाती असते असं धरून चालू नका, काळेबाई." आणि सगळ्यात आवडतं वाक्य हे: "सोडियम एकटा कधी जात नाही. तो पलीकडे सापडला म्हणजे भार सांभाळायला बरोबर कोणीतरी गेलंय, नाहीतर पलीकडून कोणीतरी इकडे आलंय. तो दुसरा कोण, ते शोधून काढा." हे वाक्य ते आयनांबद्दल बोलत तसंच ऑफिसातल्या माणसांबद्दलही बोलत. दोन माणसं एकदम चहाला गेली तरी त्यांची नजर दारापर्यंत जायची.

त्यांचा संशय पुष्कळदा खरा निघे, हीच अडचण होती. परुळेकरने एकदा पडदा बनवला आणि पलीकडे आलेलं पाणी जवळजवळ गोडं निघालं. तो पेढे आणायच्या बेतात होता. नाकेदारांनी चष्मा पुसला. "अलीकडे मीठ किती राहिलं?" परुळेकरने मोजलं, तर जितकं राहायला हवं तितकं तिथेही नव्हतं. "म्हणजे इथे नाही आणि तिथेही नाही. वाफ होऊन गेलं का?" सगळं यंत्र उघडायला लावलं, तेव्हा पडद्याखाली आधाराला घातलेल्या नमद्याच्या जाड कापडात ते मुरलेलं सापडलं. दुसऱ्या दिवशी तेच मीठ पाण्यात उतरलं असतं. परुळेकर मला म्हणाला, "हा माणूस लग्नाच्या पंगतीत जेवायला बसला ना, तर वाढलेलं आणि उरलेलं दोन्ही मोजेल."

त्यांचं घर घाटकोपरला, तिसऱ्या मजल्यावर. वडील गिरणीत होते. आई लवकर गेली आणि मोठ्या बहिणीने, आक्कांनी, त्यांना वाढवलं; दोघं आपसात गावच्या बोलीत बोलत. आक्का लग्न होऊन कुडाळकडच्या गावी गेल्या, तिथेच विधवा झाल्या आणि तिथेच राहिल्या. बायकोला मी वहिनी म्हणायची. वहिनी मोठ्या हसऱ्या. पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या, "लग्नाच्या वेळी ह्यांनी माझी पत्रिका दोन ज्योतिषांना दाखवली. ते दोघं खरं बोलतात का, हे विचारायला तिसऱ्याकडे गेले." नाकेदार पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "तिसरा बनेल होता. सगळ्यालाच हो म्हणत होता."

मग वहिनींची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस करायला शहरातल्या एका रुग्णालयात न्यावं लागे. ज्या दिवशी पहिल्यांदा नेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी नाकेदार प्रयोगशाळेत आले ते थेट माझ्या टेबलापाशी. म्हणाले, "काळेबाई, तिथेही पडदाच आहे. केसासारख्या पोकळ तंतूंचा. तंतूंच्या आतून तिचं रक्त, बाहेरून क्षारांचं पाणी. रक्तातल्या पेशी मोठ्या, त्या आतच राहतात. पोटॅशियम बारीक. बाहेरच्या पाण्यात ते कमी ठेवलेलं असतं, म्हणून रक्तातून तिकडे उतरतं." मग म्हणाले, "आयुष्यभर पडद्यावर संशय घेतला. आता त्याच्याच हातात तिला दिलीय."

या पोटॅशियमचीच खरी भीती होती. मूत्रपिंड चालत नसेल तर खाण्यातलं पोटॅशियम रक्तात साठत जातं आणि फार साठलं तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून केळी, टोमॅटो, शहाळ्याचं पाणी सगळं बंद. बटाटा द्यायचाच तर सोलून, बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायचा आणि पाणी काढून टाकून द्यायचा. इतर भाज्याही तशाच. कच्च्या बटाट्याच्या पेशींचेही पडदे असतात, ते पोटॅशियम आत धरून ठेवतात. उकळलं की ते पडदे फाटतात आणि पोटॅशियम पाण्यात उतरतं. हे सगळं कोण करणार, म्हणून गावाहून आक्का आल्या. त्यांनी येताच पदर खोचला आणि स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. वहिनींना त्या लेकीसारखं बघत. वेणी घालत, पाय चेपत. गरम पोळी थेट ताटात वाढत.

तरीसुद्धा पोटॅशियम वाढायला लागलं. दर तपासणीत जास्तच. डॉक्टरांनी नाकेदारांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की असंच चाललं तर दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत काहीही होऊ शकेल. पथ्य कुठेतरी मोडतंय.

नाकेदारांनी घराला नाका लावला. आजाऱ्याला बघायला जाताना शहाळं न्यायचं ही आपली पद्धत. बिचारी माणसं प्रेमाने आणत आणि हे दारातच पिशवी उघडायला लावत. शेजारच्या कुलकर्णीकाकू शहाळं घेऊन आल्या, तर ते त्यांच्यासमोरच दाराबाहेर ठेवलं. काकू म्हणाल्या, "अहो, नारळाचं पाणी आहे, बॉम्ब नाही." हे म्हणाले, "बॉम्ब असता तर आवाज तरी झाला असता." काकू पुन्हा आल्या नाहीत. मग रुग्णालयाचा संशय. तो तंतूंचा पडदा धुऊन त्याच रुग्णासाठी पुन्हा वापरत, तर आपलाच परत येतो का, म्हणून यांनी त्याच्या नळीला दोऱ्याची खूण बांधली. खूण प्रत्येक वेळी जागच्या जागी. रक्त काढताना सुईने पेशी फुटल्या तर आकडा खोटा वाढतो, म्हणून रक्त दुसरीकडे तपासलं. आकडा खरा होता.

शेवटी संशय वहिनींवर गेला. मी एका संध्याकाळी गेले तर हे त्यांच्या गादीची कड उचलून बघत होते. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, चेहरा सुजलेला. मला म्हणाल्या, "ये गं शालिनी. बघ, उशीखाली मी टोमॅटोची बाग लावलीय." त्यांनी ते हसत म्हटलं, पण डोळ्यांत पाणी होतं. आक्का मला स्वयंपाकघरात ओढत नेऊन पुटपुटल्या, "ह्येचा डोक्या फिरलाहा."

आणि मग माझी पाळी आली. मी अधूनमधून वहिनींसाठी डब्यातून तांदळाची उकड न्यायची. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नाकेदार माझ्या टेबलापाशी उभे राहिले. "काळेबाई, गेल्या सोमवारी डब्यात काय होतं?" "उकड." "नुसती?" "साहेब, तुम्ही मला ओळखता." "मी विचारतोय, नुसती का?" परुळेकर मान खाली घालून काचेची नळी धूत राहिला. मी त्या दिवसाचे आकडे लिहून दिले, पर्स उचलली आणि घरी गेले. तुमच्या आजोबांना सांगितलं की मी नोकरी सोडते.

सोडली नाही, कारण त्या रविवारी वहिनींचा शेजाऱ्यांकडून फोन आला. "शालिनी, तू राग धरू नकोस. ते झोपत नाहीत गं. तू ये." मी गेले. वहिनी पडल्या होत्या. नाकेदार कचऱ्याचा डबा गॅलरीत ओतून सालं निवडत होते, कसलं साल सापडतंय ते बघायला.  मी पाणी प्यायला आत गेले आणि ते हात धुवायला माझ्या मागोमाग आले.

आक्का पाटावर बसून कणीक भिजवत होत्या. शेजारी उकडलेल्या बटाट्यांच्या फोडी चाळणीत निथळत होत्या. चाळणीखाली पातेलं. आक्कांनी त्या पातेल्यातलं वाटीभर पाणी घेतलं आणि परातीत ओतलं.

नाकेदार हात ओले तसेच धरून उभे राहिले.

"आक्का, ह्या पाणी कसला?"

"बटाट्याचां. तू सांगलंस तसा काढलंय."

"आणि ह्येच्यात पीठ मळतंस?"

आक्कांनी मान वर केली. त्यांना प्रश्नच कळला नाही. "मगे काय मोरयेत ओतू? सगळां सत्व पाण्यात उतरता. आजारी माणसाच्या पोटात नको जावूक?"

"कदीपास्ना?"

"आयल्यापास्ना. आमटीत पण घालतंय थोडां."

आमच्या पिढीतल्या कुठल्याही बाईने हेच केलं असतं. भाजीचं पाणी मोरीत ओतणं म्हणजे पाप, ते कणकेत नाहीतर आमटीत जायचं. माझी आई तसंच करायची, मीही करत आले. नाकेदारांनी बटाट्यातून पोटॅशियम काढायला शिकवलं होतं. निघालेलं पाणी पुढे कुठे जातं, हे त्यांनी पाहिलं नव्हतं.

आता ते ओरडणार असं मला वाटलं. ज्या माणसाने आजारी बायकोची गादी उचलली, तो काय सोडणार? मी पुढे व्हायला लागले. त्यांनी आधी आक्कांच्या कणकेने भरलेल्या हातांकडे पाहिलं, मग आतल्या खोलीच्या दाराकडे. आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "आक्का, यापुढे ह्या पाणी माका दी. लॅबात लागता."

"बटाट्याचां पाणी? लॅबात?"

"प्रयोग आसा. आमटीचां काय आणि पिठाचां काय, साधां पाणी घाल. हिका तसांच सोसता."

"आणि आज भिजवलेल्या कणकेचां काय?"

"त्येच्यो पोळयो मी खातंय."

जिन्याच्या पायथ्यापर्यंत ते मला सोडायला आले. म्हणाले, "आक्काला कळलं तर ती पुन्हा कणकेत हात घालणार नाही. स्वतःही जेवणार नाही. मी तिला ओळखतो." मग जरा वेळाने, "काळेबाई, तुमच्या त्या डब्याचं..." वाक्य पुरं झालं नाही. मी म्हटलं, "उद्या लवकर येते, साहेब." ते जिना चढून गेले.

त्यानंतर रोज सकाळी नाकेदार ऑफिसात येत ते हातात दुधाचा ॲल्युमिनियमचा डबा घेऊन. आल्याआल्या सिंकमध्ये ते पाणी ओतत, डबा विसळत आणि पालथा घालत. परुळेकरने विचारलं, "साहेब, हे काय नवीन?" ते म्हणाले, "घरचं काम आहे." या एका गोष्टीत त्यांनी परुळेकरला मोजमाप करू दिलं नाही.

पोटॅशियम उतरलं. वहिनींच्या हातापायांत बळ आलं, त्या गॅलरीत येऊन बसायला लागल्या. कुलकर्णीकाकूंना नाकेदारांनी स्वतः जाऊन बोलावून आणलं, अर्थात शहाळ्याशिवाय. एकदा आम्ही दोघीच असताना वहिनी मला म्हणाल्या, "पोळीची चव बदललीय. मला कळलंय सगळं. त्या दिवशी दार उघडंच होतं." मी काही बोलायच्या आत त्यांनी माझा हात दाबला. "आक्कांच्या कानावर जायला नको. त्यांच्याइतकं माझं कोणी केलं नाही."

त्या पडद्याने आणि त्या पथ्याने वहिनींना आणखी काही वर्षं दिली. त्यात त्यांनी भाचीचं लग्न पाहिलं, गॅलरीत गुलाब लावले, नवऱ्याची यथेच्छ थट्टा केली. शेवटी हृदय दमलं. एका दुपारी झोपेतच गेल्या.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. जेवणं आटोपली होती. आक्का बायकांमध्ये बसल्या होत्या, काही दिवसांत म्हाताऱ्या झालेल्या. कोणीतरी म्हणालं, तुम्ही फार केलंत हो तिचं. तशा त्या एकदम बोलायला लागल्या. "मी करून काय उपयोग? ह्यो रोज डबो भरून न्हेय होतो. तिच्या पोटातला सत्व लॅबात न्हेऊन ओतल्यान. साध्या पाण्याच्या पोळयो खाऊन माणूस कसा जगतला? बायलेपरास ह्येका आपलो प्रयोग मोठो."

 सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. नाकेदार तिथेच उभे होते, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. नातेवाइकांच्या चेहऱ्यावर मी ते वाचलं. या माणसाचा संशयी स्वभाव, दारात पिशव्या उघडणं, गादी उचलणं, सगळं त्यांना आठवत होतं, आणि आता हेही त्यात बसत होतं. माझ्या तोंडातून शब्द निघणार तोच त्यांनी माझ्याकडे पाहून किंचित मान हलवली. नाही. मग तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "होय आक्का. चुकला माझा."

आक्का त्याच आठवड्यात गावी निघाल्या. एस.टी. स्टँडवर त्यांची ट्रंक परुळेकरने उचलली, कारण भावाच्या हाती त्या द्यायला तयार नव्हत्या. नाकेदारांनी खिडकीतून पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. गाडी गेल्यावर मी म्हटलं, "साहेब, आता तरी सांगून टाका. वहिनी गेल्या, आता लपवून काय मिळणार?"

"आज तिला माझा राग आहे," ते म्हणाले. "रागावर माणूस जगतं, काळेबाई. दुसरी गोष्ट घेऊन ती एक दिवस जगली नसती."

ते निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्या हाताखाली काम केलं. आकड्यांवरचा त्यांचा संशय तसाच राहिला, माणसांवर मात्र ते संशय घेईनासे झाले. दर मे महिन्यात कुडाळला जात. आक्का रांधून ताट वाढत आणि एक शब्द न बोलता बाहेर ओटीवर जाऊन बसत. जूनमध्ये ते कामावर आले की मी विचारायची, "काय म्हणाल्या आक्का?" आणि ते म्हणायचे, "काही नाही." असं बरीच वर्षं चाललं. मग एका जूनमध्ये मी विचारलं, तर ते चष्मा काढून रुमालाने पुसायला लागले.

"ह्या वेळी ओटीवर गेली नाही. आणखी एक भाकरी घेतंस काय, म्हणाली."

"मग?"

"घेतली," नाकेदार म्हणाले. "पोट भरलं होतं, तरी घेतली."